डेल्साच्या पिकअपला चार टायर

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी व्हर्ल टोलमन कॉफीचा मग घेऊन मागच्या दारात आला, तर अंगणातली पिकअप एका अंगावर कलली होती. पुढचं डावं चाक पार बसलेलं. एवढं उंच धूड, पण पायात काटा गेलेल्या घोड्यासारखं अंग चोरून उभं होतं. कुणी हात लावला असेल म्हणावं, तर गेल्या दोन वर्षांत खुद्द व्हर्लनंच तिला जेमतेम सात-आठ वेळा हात लावला होता. गुडघे धरत तो खाली बसला. टायरची नक्षी वरून अजून चांगली खोल होती, पण बाजूच्या रबराला उन्हानं बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्यातल्याच एकीतून हवा निघून गेली होती.

गाडी डेल्साची, त्याच्या बायकोची. हार्लो गावच्या शाळेची बस डेल्सानं सत्तावीस वर्षं चालवली. रोज नव्वद मैल, त्यातले साठ खडीचे. उंचीनं पाच फुटाला एक इंच कमी, पण स्टीअरिंगमागे बसली की तिला गाठणारा सबंध नेवाडा राज्यात कुणी नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं आणि ते खोडायला कुणी पुढे आलं नाही. बावन्नाव्या वर्षी तिनं ही पिकअप घेतली आणि घेतल्या घेतल्या सहा इंच उचलून घेतली, वर तेहेतीस इंची टायर बसवले. गावाला आयतंच हसू मिळालं. "डेल्सा, वर चढायला शिडी ठेवतेस की दोर?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "वर बसलं की तुमची टकलं दिसतात, तेवढ्यासाठी चढते कशीबशी."

व्हर्लचं तसं नव्हतं. तो सोन्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होता. खडकाची पूड भट्टीत घालायची, शेवटी उरलेला मोहरीएवढा मणी काट्यावर तोलायचा आणि एका टनात किती सोनं आहे ते कागदावर लिहायचं. जायला-यायला कंपनीची बस. गाडी चालवायची हौस त्याला कधी नव्हतीच. रविवारी दोघं डोंगरात पिंटोच्या झऱ्याकडे जायची तेव्हा डावीकडे चाकावर डेल्सा आणि उजव्या बाजूला मांडीवर सँडविचचा डबा घेऊन व्हर्ल. वाटेत कुरणांची फाटकं लागत. खाली उतरून फाटक उघडायचं, गाडी पलीकडे गेली की लावायचं आणि परत चढून बसायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं त्यानं ते चोख केलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये डेल्साच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आठ-दहा दिवस लोकांनी घरी जेवणाची भांडी आणून दिली, मग व्हर्लनं ती धुऊन ज्याची त्याला परत केली आणि तिथून घर जे गप्प झालं ते झालंच. तो दुकानात गेला तर मुद्दाम अर्धंच सामान आणायचा, म्हणजे उद्या परत जाता येईल. एका रविवारी चुकीच्या नंबरवरून फोन आला आणि "हॅलो" म्हणताना त्याचा आवाजच फुटेना. घसा खाकरून त्यानं आठवून पाहिलं. गुरुवारपासून तो कुणाशी बोललेला नव्हता.

तर त्या दिवशी त्यानं पंपानं हवा भरली आणि दीड मैल अंतर कासवाच्या गतीनं कापून गाडी टॉनाच्या टायरच्या दुकानात आणली. टॉना पंचेचाळिशीची. दुकान तिच्या वडिलांचं, आता तिचं. लहानपणी बारा वर्षं ती डेल्साच्याच बसमध्ये बसून शाळेत गेली होती.

तिनं चारही चाकांभोवती एक फेरी मारली, नखानं एक भेग उकलून पाहिली आणि हात पुसत म्हणाली, "मिस्टर टोलमन, एक नाही, चारही गेलेत. आठ वर्षांचे आहेत."

"अगं, पण नक्षी तर अजून चांगली दिसते."

"टायर चालून मरतो तसा उभा राहूनही मरतो. घाटात फुटला असता तर?" तिनं काउंटरवरची वही ओढली. "बरं, आता सांगा, गाडी कुठे कुठे जाते?"

"म्हणजे?"

"म्हणजे डांबर किती, खडी किती, दगड किती, चिखल किती? हिवाळ्यात काढता का? त्याच्यावरच ठरतं सगळं. नुसतं डांबर असेल तर साधे घाला, निम्मानिम्म असेल तर ऑल-टेरेन, आणि चिखलातच लोळायचं असेल तर ते मोठाल्या ठोकळ्यांच्या नक्षीचे."

व्हर्लनं तोंड उघडलं. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: कुठेच नाही. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती, टॉना पेन्सिल धरून थांबली होती आणि ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

"पिंटोच्या झऱ्याला," तो म्हणाला.

टॉनानं मान वर केली. "एकटे?"

"हो."

"कधीमधी?"

"दर आठवड्याला," व्हर्ल म्हणाला आणि त्याचे कान तापले. "म्हणजे, बहुतेक आठवड्यांना."

"वा!" टॉना म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "मग विचार करूनच घ्यायला हवेत." तिनं त्याच्या हातात तीन-चार जाड पुस्तिका ठेवल्या आणि तोवर चालवायला दोन जुने टायर पुढे बसवून दिले.

व्हर्ल मनात म्हणत होता की डेल्साचे होते तेच आणू, विषय संपला. पण ती जात आता निघतच नव्हती. मग त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तिका पसरल्या, प्रयोगशाळेतल्यासारखी पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले आणि प्रत्येक टायरचं वजन, खाचांची खोली, बाजूच्या रबराचे थर, बर्फात चालत असल्याची खूण आहे की नाही, असं सगळं शिसपेन्सिलनं मांडलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला दुपार कधी सरली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन तो कॅफेत गेला. एरवी तो कोपऱ्यात बसून अंडी खायचा आणि निघायचा. त्या दिवशी लायल व्हॉसची नजर कागदावर पडली. लायलनं उभा जन्म सरकारी ग्रेडर चालवून काढला होता, जिल्ह्यातले सगळे कच्चे रस्ते त्याच्या हाताखालून गेलेले.

"हे काय रे व्हर्ल, परत शाळेत नाव घातलंस?"

"टायर बघतोय. पिकअपला."

झालं. लायलनं आपली खुर्चीच ओढून आणली. "चिखलाचेच घे. मी सांगतो ना. ओढ्यात रुतलास तर ते तुझे ऑल-टेरेन नुसते गरगर फिरतील, दळण दळल्यासारखे."

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, चिखल आहेच कुठे इथे? वर्षातून दहा दिवस! उरलेले दिवस डांबरावर घोंगावत ऐकत बसायचं होय?"

"तुला काय करायचंय? तुझी बायको तरी कुठे ऐकू येते तुला!"

"पस्तीस इंची घाल व्हर्ल, गाडी उचललेलीच आहे."

"पस्तीस घालून वळताना घासतील. तेहेतीसच ठेव."

व्हर्ल एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. मधूनच कागदावर खूण करायचा, एखादा प्रश्न विचारायचा आणि प्रश्न टाकला की चार तोंडं एकदम उघडायची. त्या दिवशी तो कॅफेत अडीच तास बसला. निघताना लायल म्हणाला, "उद्या ये, त्या तीन थरवाल्यांचं मला काही पटलेलं नाही." उद्या ये! घरी जाताना व्हर्लनं ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिले.

मग टायर काही ठरेनात. दर तिसऱ्या दिवशी तो नवा प्रश्न घेऊन टॉनाकडे जायचा. दगड खाचांत अडकून बसतात त्याचं काय? जास्त थरांचा टायर कडक, मग पाठीचं काय? टॉना हातातलं काम न थांबवता उत्तरं द्यायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती चाकाच्या आडून म्हणाली, "मिस्टर टोलमन, माझं लग्न याच्या निम्म्या वेळात ठरलं होतं."

"आणि कसं झालं?"

"मोडलं. तुमचं बरोबर आहे, घ्या सावकाश." आणि दोघंही हसली.

पण घरी आल्यावर व्हर्लला चैन पडेना. टायर बसले की लोकांच्या प्रश्नांना काही कारण उरणार नव्हतं. शिवाय आता सगळा गाव धरून चालला होता की हा दर आठवड्याला पिंटोला जातो. लायलनं तर एकदा विचारलंही, "वरच्या वळणावरची दरड काढली का रे कुणी?" व्हर्लनं कॉफी प्यायच्या निमित्तानं तोंड मगात घातलं आणि "तशीच आहे," म्हणून सुटका करून घेतली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, तो दुकानात असतानाच माइते आरांबिदे आत आली. आरांबिदे लोक बास्क. तिच्या आजोबांनी स्पेनच्या सरहद्दीवरून येऊन इथे मेंढरं पाळली आणि माइते अजून तोच धंदा सांभाळून होती. उन्हाळ्यात तिचा दीड हजारांचा कळप पिंटोच्या वरच्या कुरणात असे. राखायला पेरू देशातून करारानं आलेला एक मेंढपाळ आणि त्याला आठवड्याच्या आठवड्याला शिधा, पाणी, कुत्र्यांचं खाणं पोचवायला तिचा जुना माणूस बेन्यात.

"बेन्यातच्या गुडघ्यावर घोड्यानं पाय दिला," माइते दारातूनच सांगू लागली. तिचा चेहरा उतरला होता. "दुसरी पिकअप दक्षिणेच्या कळपावर अडकलीय. वर मेंढपाळाकडे, सिप्रियानोकडे, शेवटचं सामान पोचून दहा दिवस झाले. त्याच्याकडे काय उरलं असेल देव जाणे. टॉना, उंच गाडी असलेलं कुणी आहे का ग, रस्ता माहीत असलेलं?"

टॉनानं व्हर्लकडे बघितलंदेखील नाही. "मिस्टर टोलमन जातात ना दर आठवड्याला," ती म्हणाली.

माइतेनं व्हर्लचा हात धरला. "खरंच? व्हर्ल, तुम्ही न्याल?"

आता काय करणार? खरं सांगायला हीच वेळ होती, पण वर एक माणूस उपाशी होता आणि ही बाई त्याचा हात सोडत नव्हती. "नेतो," तो म्हणाला.

"कुठले टायर घालू?" टॉनानं विचारलं.

पाच आठवडे चाललेला खल व्हर्लनं दहा मिनिटांत मिटवला. तेहेतीस इंची, ऑल-टेरेन, बाजूला तीन थर, जड ओझ्याचे. कागद खिशातच राहिला, त्याला तो काढून बघावाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो निघाला. मागे पाण्याची पिंपं, बटाट्याची पोती, पीठ, कॉफी, कुत्र्यांच्या खाण्याच्या गोण्या. बावीस मैल रस्ता सरळ होता. नवे टायर डांबरावर हलकेच गुणगुणत होते. मग पहिलं फाटक आलं आणि व्हर्ल थांबून राहिला. सवयीनं त्याचा हात दाराकडे गेला होता, पण त्याच्या बाजूला आता स्टीअरिंग होतं. तो उतरला, फाटक उघडलं, परत चढला, गाडी पलीकडे नेली, परत उतरला, फाटक लावलं, परत चढला. एकट्यानं फाटक पार करायला चारदा चढ-उतार करावा लागतो, हे त्याला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. अशी तीन फाटकं होती. तिसऱ्याची कडी लावून त्यानं मागे वळून पाहिलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. दूरवर सेजची करडी झुडपं आणि त्यांच्यावरून सरकणारी ढगांची सावली, एवढंच.

चढ सुरू व्हायच्या आधी डेल्सा नेहमी टायरची हवा कमी करायची. त्यानंही केली. चाकापाशी वाकून, सुस्कारे टाकणाऱ्या नळीवर बोट धरून, दाबाचा काटा पंचविसावर येईपर्यंत. "दगड पोटाखाली घ्यायचा नाही व्हर्ल, चाक दगडावर घालायचं," ती सांगायची. तो मान डोलवायचा आणि सँडविचचा कागद सोडवून ते तिच्या हातात द्यायचा. आता त्यानं गिअर खाली घेतला, दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळलं आणि चाक दगडावर घातलं.

हा रस्ता त्याला पाठ होता, पण उजव्या खिडकीतून. वर जाताना दरी उजवीकडे. तिच्यातलं प्रत्येक झाड त्याच्या ओळखीचं. डावीकडच्या कड्याकडे मात्र त्यानं बारा वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. तो दरीला भिऊन डावीकडे सरकत गेला आणि दरडीच्या वळणावर कड्यानं आरसा कडकन मोडून नेला. पाठोपाठ पुढचं चाक फुटक्या दगडी पाटीसारख्या धारदार दगडांवरून करकरत गेलं. व्हर्लनं ब्रेक मारला. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. परत फिरावं असं मनात आलं, पण फिरायला तिथे जागाच नव्हती. उतरून पाहिलं, तर टायरच्या बाजूला वीतभर ओरखडा होता, पण वरवरचा. हवा धरून होती.

तो गाडीत चढला आणि रित्या उजव्या सीटकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "बघितलंस ना?" मग स्वतःच्याच आवाजानं दचकला आणि पुढे निघाला.

साडेअकराला तो वर पोचला. पांढऱ्या पत्र्याची मेंढपाळाची राहायची गाडी, भोवती दोन दांडगी पांढरी कुत्री आणि चुलीपाशी उभा असलेला एक बुटका, पन्नाशीचा माणूस. हा सिप्रियानो. तासाभरापूर्वीच त्याला खाली धूळ दिसली होती आणि तेव्हापासून त्यानं पाणी उकळत ठेवलं होतं. कॉफी संपून पाच दिवस झाले होते. बाकीच्या सामानाकडे वळायच्याही आधी त्यानं कॉफीचं पाकीट फाडलं, मुठीनं पूड उकळत्या पाण्यात टाकली आणि पहिला मग व्हर्लच्या हातात दिला.

बोलणार काय? सिप्रियानोला इंग्रजीचे वीस शब्द येत होते, व्हर्लला स्पॅनिशचे दहा, आणि त्यातले सहा जेवणाचे. सामान उतरवून झाल्यावर सिप्रियानो चाकापाशी उकिडवा बसला. बाजार पाहायला आलेला माणूस बैलाचे खूर तपासतो तशी त्यानं टायरवरून बोटं फिरवली.

"नवे?"

"नवे."

"चांगले." मग त्याचं बोट ओरखड्यावर थांबलं. "दगड?"

"हो, दगड."

"वाईट दगड," सिप्रियानो गंभीरपणे म्हणाला.

"फार वाईट," व्हर्ल म्हणाला.

मग सिप्रियानोनं जमिनीत पुरलेल्या लोखंडी भांड्यातून भाकरीएवढा जाड पाव काढला. माणूस येतोय म्हटल्यावर पिठाची शेवटची मूठ त्यानं त्यातच घातली असणार. खाता खाता त्यानं फोन काढून बायकोचा फोटो दाखवला. एर्लिंदा. डोक्याला रुंद काठाची टोपी, मागे बटाट्याचं शेत. त्यानं वरच्या कड्याकडे बोट दाखवून फोन कानाला लावला. तिथे चढलं तर आवाज येतो. रविवारी. कधी येतो, कधी नाही. मग त्यानं भुवया उंचावून व्हर्लकडे बोट केलं. तुझी?

व्हर्लकडे फोटो नव्हता. त्यानं पिकअपकडे हात केला. "ही तिची गाडी."

सिप्रियानो चटकन उठला आणि पाहुणीला उन्हात बसवून ठेवलं की काय, अशा घाईनं जाऊन त्यानं खिडकीतून आत डोकावलं. आत कुणी नव्हतं. तो वळला. व्हर्लनं मान हलवली. एकदाच, सावकाश. सिप्रियानोनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि बराच वेळ तो तसाच गाडीपाशी उभा राहिला. दोन वर्षांत एवढे लोक भेटले, एवढी कार्डं आली, पण व्हर्लच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या वेळी. ते लपवायची गरज त्याला वाटली नाही.

सामान टाकून लगेच निघायचं ठरवून आलेला माणूस चार तास बसला.

दुसऱ्या दिवशी तो टॉनाकडे गेला. मोडका आरसा तिच्यासमोर ठेवला आणि एका दमात म्हणाला, "टॉना, मी खोटं बोललो होतो. डेल्सा गेल्यापासून मी पिंटोला गेलेलोच नाही."

"माहितेय," टॉना म्हणाली.

"काय माहितेय?"

"तुमच्या त्या जुन्या टायरांवर दगडाचा एकही ताजा ओरखडा नव्हता. पिंटो राहिलं, दोन वर्षांत त्यांनी गावची वेससुद्धा बघितली नव्हती."

"मग माइतेला कशाला सांगितलंस?"

"खोटं तुम्ही बोललात. मी फक्त ते मोठ्यानं सांगितलं." तिनं आरसा उलटसुलट करून पाहिला. "मिस डेल्सानं मला एकदा बर्फात बसमधून उतरू दिलं नव्हतं. घरी कुणी नव्हतं माझ्या. सबंध फेरी मला शेजारी बसवून फिरवली तिनं. नवा आरसा सोमवारी येईल."

त्या उन्हाळ्यात व्हर्ल दर गुरुवारी वर गेला. बेन्यातचा गुडघा काही लवकर बरा होईना आणि माइतेला दुसरा माणूस शोधायची गरज वाटेना. पुढे पुढे त्याला रस्ता डाव्या बाजूनंही कळू लागला. वर मेंढरांना पाण्यावर नेईपर्यंत दोघं गाडीच्या सावलीत बसत. एकदा सिप्रियानोनं खिशातून एक चकचकीत खडा काढला आणि डोळे बारीक करून विचारलं, "सोनं?" व्हर्लनं तो हातात घेतला, चाकूच्या टोकानं ओरखडला, वास घेतला, उन्हात धरला आणि म्हणाला, "नाही." सिप्रियानोनं कपाळावर हात मारला. पुढच्या गुरुवारी दुसरा खडा. "सोनं?" "नाही." असं अकरा आठवडे चाललं. खडा पुढे केला की त्याला आधीच हसू फुटायचं आणि व्हर्ल तितक्याच गंभीरपणे, एकतीस वर्षांच्या अनुभवानिशी, प्रत्येक खडा तपासून पाहायचा. दोघांच्या भाषांचे मिळून तीसच शब्द, पण तेवढ्यात व्हर्लला कळलं की सिप्रियानोला दोन मुली आहेत, धाकटी नर्स होणार आहे आणि तीन वर्षांत त्यानं घर बघितलेलं नाही. सिप्रियानोला काय काय कळलं ते व्हर्लला कधी समजलं नाही. तो काहीही बोलला तरी समोरचा माणूस मन लावून ऐकायचा. त्यामुळे तो पुष्कळ बोलला. डेल्सा शेवटच्या दोन दिवसांत काय बडबडत होती, ते त्यानं फक्त सिप्रियानोला सांगितलं, आणि त्यातलं सिप्रियानोला अक्षरही कळलं नसणार.

सप्टेंबरच्या शेवटी वर पहिला बर्फ पडला आणि कळप खाली आला. ट्रकांत भरून मेंढरं दक्षिणेच्या वाळवंटात जायची होती आणि सिप्रियानोचा करार संपल्यामुळे तो तिथूनच विमानतळावर जाणार होता. निरोपासाठी व्हर्ल नवा धुतलेला शर्ट घालून कोंडवाड्यावर गेला. पण तिथे दीड हजार मेंढरांचा कालवा, कुत्री, ट्रकवाल्यांचा आरडाओरडा आणि धुळीचा लोट. सिप्रियानो दोन्ही हातांनी मेंढरं ढकलत होता. शेवटी माइतेनं गाडीचा हॉर्न दिला तेव्हा तो धावत व्हर्लपाशी आला, हात पँटला पुसून पुढे केला. "व्हर्ल," एवढंच म्हणाला. आजवर तो त्याला सेन्योर म्हणत आला होता. व्हर्लनं काय म्हणायचं ते गाडीत येताना पाठ केलं होतं, माइतेकडून विचारून स्पॅनिशमध्ये. ऐनवेळी त्यातला एकही शब्द आठवला नाही. हात तेवढा त्यानं सोडला नाही, दुसऱ्यांदा हॉर्न वाजेपर्यंत.

डिसेंबरात एकदा फोन वाजला. पलीकडे खरखर आणि लांबचा आवाज. "व्हर्ल?"

"सिप्रियानो!"

मग दोघांनाही काही सुचेना. समोरासमोर हात होते, डोळे होते, चूल होती, खडे होते. फोनवर नुसते ते तीस शब्द.

"थंडी?" सिप्रियानोनं विचारलं.

"हो, थंडी. बर्फ. तिथे?"

"इथे पाऊस."

"एर्लिंदा?"

"बरी. बरी." मागे कुणीतरी बाई हसत काहीतरी म्हणाली, भांडी वाजली, एक कोंबडा आरवला. मग फोन तुटला. व्हर्लनं तो पुढचा आठवडाभर जवळच ठेवला, अंघोळीला जातानाही. पुन्हा काही आला नाही.

पुढच्या वर्षी बेन्यात परत आला, पण क्लच दाबला की त्याचा गुडघा धरायचा, म्हणून उन्हाळ्याची फेरी व्हर्लकडेच राहिली. वरचा मेंढपाळ नवा होता, रोमुलो नावाचा. कामाला चांगला, पण माणसांचा कंटाळा असलेला. व्हर्ल पोचला की तो सामान उतरवून घ्यायचा, टोपीला हात लावून आभार मानायचा आणि मेंढरांमागे निघून जायचा. त्याचं काही चुकत नव्हतं, एकटं राहणं मानवणारी माणसं असतात. व्हर्ल मग गाडीच्या सावलीत बसून स्वतःच्या थर्मासमधली कॉफी प्यायचा, तासाभरानं उठायचा आणि तीन फाटकं उघडत-लावत खाली यायचा.

गावात मात्र त्याला एक जागा मिळाली होती. मे महिना लागला की कॅफेत त्याच्या टेबलाकडे माना वळत. तिसऱ्या वर्षीही लायलनं खुर्ची ओढत विचारलं, "व्हर्ल, पिंटोचा रस्ता उघडला का रे?" आणि दोन टेबलांवरची बोलणी थांबली.

"ओढा अजून आठवडाभर ओलांडू नका," व्हर्ल म्हणाला. "पाणी कमी दिसतं, पण खालची वाळू सरकलीय. वरचं वळण ठीक आहे."

लोकांनी माना डोलावल्या, कुणीतरी आपला बेत आठवडाभर पुढे ढकलला. व्हर्लनं अंडी संपवली आणि तो घरी आला. सूप गरम केलं, भांडं तसंच शेगडीपाशी उभं राहून चमच्यानं रिकामं केलं, आणि उद्या पुन्हा ओढ्यापर्यंत जाऊन पाणी बघायचं म्हणून चारही टायरांची हवा तपासायला मागच्या दारानं अंगणात गेला.